निर्लेखनाची अट

“खांबेटे, तुमचं हे यंत्र मला ओळखत नाही,” असं म्हणत प्राचार्य उपासनींनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. “बघा, काय दुखतंय त्याला.”

कागदावर त्यांच्या सुबक, तिरप्या अक्षरात इंग्रजी ओळी होत्या. विद्यापीठानं प्राचार्यांसाठी भरवलेल्या संगणकाच्या वर्गाला ते नुकतेच जाऊन आले होते. तिथे शिकलेल्या आज्ञा एकाखाली एक मांडून त्यांनी स्वतःच एक स्क्रिप्ट तयार केली होती. नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी स्वतः स्क्रिप्ट लिहिणारा प्राचार्य ही अपूर्वाईच होती. मी कॉलेजचा ग्रंथपाल होतो. ग्रंथालयातल्या संगणकाला माउस वगैरे काही नव्हता. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. आपण एक आज्ञा टाइप करायची, त्यानं उत्तर द्यायचं. मला ते आवडायचं. माणसांशी बोलताना मी अडखळतो, आणि माणसं थांबत नाहीत. तो थांबायचा.

“कशासाठी आहे सर ही?”

“निर्लेखनासाठी. संगणक कक्षाला जागा हवी आहे, आणि तुमच्या या कपाटांतून झुरळांशिवाय कुणी राहत नाही. दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी घरी नेलं नाही, त्याच्यापुढे फुली पडेल. फुल्यांची यादी फलकावर लावायची, आठवडाभर हरकती घ्यायच्या आणि मग सगळं रद्दीत. साधी अट आहे.”

“हो, सर.”

“तुम्ही फक्त चुका काढा. डोकं चालवू नका. डोकं मी चालवलेलं आहे.”

ते गेल्यावर देवघेवीच्या खिडकीतून सोनारबाई म्हणाल्या, “डोकं चाललं म्हणे! मग मशीन काबरं बंद पडलं भाऊ?”

सोनारबाई ग्रंथालयात परिचर होत्या. माझ्या आधीपासून तिथे असल्यामुळे त्या मला साहेब म्हणत नसत, भाऊ म्हणत. आदल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून साऱ्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावरच्या तारीखपट्ट्या बघून, कोणतं पुस्तक केव्हा बाहेर गेलं ते संगणकात भरलं होतं. टाइप करताना त्या एकेक पुस्तकाची कीव करायच्या. “हे बिचारं पहा, कोरीच पट्टी. लग्न न झालेल्या पोरीसारखं बसलंय.”

मी कागदावरच्या ओळी संगणकात टाइप केल्या आणि चालवून पाहिल्या. फाईल मध्येच संपली अशी त्याची तक्रार आली. प्राचार्यांनी ‘इफ’नं अट उघडली होती, पण ‘फाय’नं बंद करायची राहिली होती. ‘इफ’ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की ‘फाय’ होतो. ज्या कुणाला हे सुचलं, तो माणूस मला कायम ओळखीचा वाटत आला आहे. एके ठिकाणी ‘देन’ नव्हता, तो घातला. पुन्हा चालवलं, तर पडदाभर एकच ओळ धावायला लागली: अशी आज्ञा सापडत नाही, सापडत नाही, सापडत नाही. चौकटी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, तशी त्यांनी सोडली नव्हती. कंस आणि पुढची संख्या चिकटल्यामुळे संगणक त्या दोघांना मिळून एखाद्या आज्ञेचं नाव समजत होता. हे सगळं मला पाठ होतं असं समजू नका. मी पुस्तकात बघून बघून करत होतो आणि तीनदा चुकलो. त्यातल्या एका चुकीमुळे तर अख्ख्या ग्रंथालयापुढे फुली पडली होती.

“बरं झालं,” सोनारबाई म्हणाल्या, “मला बी फुली मारा. घरी जाते.”

शेवटी एक ओळ उरली. अर्धवट होती. ‘जर पुस्तक भेट म्हणून आलेलं असेल’, एवढीच. तसं असेल तर काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. पेन उचलून ते दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागले असावेत. ही ओळ पूर्ण केली, तर भेटीदाखल आलेली पुस्तकं वगळली जाणार होती. काढून टाकली, तर सगळ्यांना एकच नियम. दोन्हीपैकी काहीही केलं तरी स्क्रिप्ट बिनतक्रार चालली असती. चूक दोन्हीकडून सारखीच दुरुस्त होत होती.

मी पेन्सिल खाली ठेवली.

प्राचार्य उपासनींचं ‘कथेची पारख’ हे समीक्षेचं पुस्तक ग्रंथालयात होतं. त्यांनीच सहीनिशी भेट दिलं होतं. मराठी कथेत काय टिकाऊ आणि काय टाकाऊ, हे त्यांनी त्यात ठरवून दिलं होतं. एम. ए. ला ते नेमलेलं होतं आणि सारं विद्यापीठ त्यांना त्या पुस्तकावरून ओळखत असे. आपलं पुस्तक सगळ्यांत जास्त वाचलं जातं, याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि ते खोटंही नव्हतं. मात्र वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला ते पुस्तक स्वतः विकत घ्यायला लावत. मग ग्रंथालयाची प्रत कोण नेणार? समीक्षेचं कपाट मीच टाइप केलं होतं. त्यांच्या पुस्तकाची तारीखपट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. कोरी होती, दुकानातून आणल्यासारखी.

आणि माझंही एक पुस्तक होतं.

ते सांगताना आजही मला संकोच वाटतो. तरुणपणी मी काही कथा लिहिल्या होत्या. ‘तांब्या-भांडं’ असं संग्रहाचं नाव होतं. धुळ्याच्या एका मुद्रकानं, म्हणजे खरं तर मीच पदरच्या पैशानं, तो छापला. उपासनी तेव्हा मराठीचे प्राध्यापक होते. मी त्यांना एक प्रत नेऊन दिली. ते काहीतरी बोलतील, या आशेनं पुढचे कित्येक दिवस मी स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसत होतो.

ते बोलले. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, पुस्तक हातात धरून.

“मित्रहो, खांबेट्यांच्या नायिकेला नवऱ्याच्या मरणाची तार येते. ऐका हं. ‘तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी तिच्याआधी थरथरलं.’” ते थांबले. थांबायचं कुठे हे त्यांना नेहमी कळायचं. “म्हणजे तार पाण्यानं आधी वाचली! बाईंना नंतर कळवलं!”

हसू असं फुटलं की कुणाच्या तरी कपातला चहा सांडला. इतिहासाचे बोरसे म्हणाले, “बघा, चहासुद्धा थरथरला!” मग पुन्हा हसू. मीही हसलो. त्या दिवसानंतर कितीतरी महिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवताना शिपाई म्हणायचा, “सर, स्थिर आहे बरं का.” घरी उरलेल्या प्रती मी हिवाळाभर बंबात घातल्या. आंघोळीचं पाणी चांगलं तापायचं. पुन्हा कथा लिहिली नाही. ग्रंथालयाला भेट दिलेली एक प्रत तेवढी कपाटात राहिली, कारण ती दप्तरी लागलेली होती आणि माझ्या हातानं ती काढणं नियमात बसत नव्हतं. मी ती कधी उघडली नाही. फक्त धूळ झटकायचो.

ते वाक्य वाईट होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित वाईट असेल. त्यांना कळत होतं, मला कळत नव्हतं. पण मी सूड घ्यायचा ठरवला होता तो वाक्यासाठी नव्हे. मी हसलो होतो, त्यासाठी.

अर्धवट ओळीबद्दल मी त्यांना त्यांच्या केबिनमध्ये विचारू शकलो असतो. तिथे त्यांनी दोन मिनिटं विचार केला असता, कदाचित सांगितलं असतं, भेट वगळा. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत थांबलो.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. बोरसे प्राचार्यांच्या मागे लागले होते. त्यांनी परिसरातल्या गढ्यांवर एक पुस्तक लिहून ग्रंथालयाला दिलं होतं, आणि ते कुणी नेलं नसणार हे त्यांना ठाऊक होतं.

“सर, आपल्याच कॉलेजच्या माणसांची पुस्तकं तरी राहू द्या.”

“का? आपल्या माणसांची पुस्तकं झुरळं जास्त आवडीनं खातात?”

सगळे हसले. मी दाराजवळच्या त्याच खुर्चीतून उठलो. स्टाफरूममध्ये मी स्वतःहून तोंड उघडायची वेळ वर्षानुवर्षांत आली नव्हती. माझा आवाज चिरका निघाला.

“सर, त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ अर्धवट आहे. भेटीदाखल आलेल्या पुस्तकांची. ती पूर्ण करून ती पुस्तकं वगळायची, की ओळच काढून टाकायची?”

बोरसे आशेनं वळले. प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना समोर माणसं असली की उत्तर माणसांसाठी सुचायचं.

“भेट! अहो, भेट म्हणजे तर आणखी गुन्हा. विकत घेतलेलं पुस्तक निदान कुणालातरी हवं असतं. काढून टाका ती ओळ. वाचलं नाही ते कागद. अपवाद नाही. माझ्या सख्ख्या भावाचं असलं तरी नाही!”

“बरं, सर,” मी म्हणालो. “ओळ काढतो.”

“आणि पाणी प्या थोडं, खांबेटे. थरथरताय.”

ते अजून विसरले नव्हते. पुन्हा हसू झालं. या खेपेला मी हसलो नाही.

ओळ काढली. स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालली. कागद खरडत छपाईयंत्रातून यादी बाहेर यायला लागली आणि सोनारबाई तिची घडी घालत एकेक नाव वाचू लागल्या. समीक्षेच्या भागात त्या थबकल्या. “अगं माय! हे तर साहेबांचंच.” मी मान हलवली. मग कथासंग्रहांचा भाग आला. ते कपाट मी त्यांना टाइप करायला दिलं होतं, मुद्दाम. एखादी तरी तारीख पडली असेल असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

त्या काही बोलल्या नाहीत. कागद माझ्याकडे सरकवला. ‘तांब्या-भांडं’. फुली.

“भाऊ, मी काय करू? पट्टी कोरी होती. मला त्या वेळी वाटलं होतं, आपणच एक तारीख टाकून द्यावी.”

“नाही टाकलीत ते बरं केलंत,” मी म्हणालो. मला तसं खरंच वाटलं का, हे सांगता येणार नाही.

यादी सहीसाठी प्राचार्यांकडे गेली, आणि दुपारी ते स्वतः ती बिनसहीचीच घेऊन आले. वाचनालय रिकामं होतं. एरवी ते दारातूनच बोलायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“पट्टी मीच टाइप केली होती, सर.”

“आणि तुम्ही चारचौघांत विचारलंत.”

“सगळ्यांना एकच नियम कळावा म्हणून.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे फलकावर लागलं तर काय होईल, कळतंय? उपासनींचं पुस्तक दहा वर्षांत कुणी उघडलं नाही, उपासनींच्याच सहीनं. बोरसे ते गावभर वाचून दाखवेल. अहो, मुलं विकत घेतात माझं पुस्तक! त्या यंत्राला ते काय कळणार?”

“यंत्राला फक्त अट कळते, सर.”

“मग अट बदला. ती भेटीची ओळ पुन्हा घाला. कुणाला कळणार आहे? मशीनच्या पोटात काय चाललंय हे तुम्हाला आणि मला. आणि त्यात तुमचंही पुस्तक आहे, खांबेटे. पाहिलंय मी. दोन्ही वाचतील.”

‘तुमचंही पुस्तक’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कित्येक वर्षांपूर्वी मी त्या दाराजवळच्या खुर्चीवर एवढंच ऐकायला बसलो होतो. एक ओळ टाइप करायची, ‘देन’ घालायचा, ‘फाय’नं बंद करायची. चुकलो नसतो तर चहा गार होण्याआधी झालं असतं.

“लेखी द्या, सर,” मी म्हणालो.

“काय?”

“भेटीची पुस्तकं वगळावीत, असा लेखी आदेश. मी लगेच ओळ घालतो.”

लेखी आदेश म्हणजे जावक क्रमांक, प्रत कार्यालयाला आणि प्रत ग्रंथालय समितीला, जिच्यावर बोरसे होते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू ताठ झाला.

“म्हणजे माझं पुस्तक घालवण्यासाठी तुम्ही स्वतःचं रद्दीत घालणार.”

“हो.”

“दुसरी प्रत आहे?”

“नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता, पण नुसता राग नव्हता. एखादं वाक्य पुन्हा वाचून बघावं तसं ते मला बघत होते.

“ते पाण्याचं वाक्य,” ते म्हणाले. “त्याच्या पुढे आणखी एक वाक्य होतं. आठवतंय?”

मी मान हलवली. आठवत नव्हतं.

“मी मुद्दाम वाचलं नाही त्या दिवशी. ते वाचलं असतं तर कुणी हसलं नसतं.” ते उठले. “चांगलं होतं. मला पाठ आहे.”

मी काय बोलायला हवं होतं? त्यांची इच्छा काय होती, हे मला कळत होतं. मी विचारावं, त्यांनी सांगावं, आणि मग मी ओळ घालावी. ही लाच होती. किंवा ती माफी असेल. मला फरक करता येत नव्हता आणि करायचाही नव्हता. मी त्यांनी आणलेली यादी उचलली, तिला टाचणी लावली आणि त्यांच्यापुढे सहीसाठी धरली.

त्यांनी सही केली. ती सुबक होती, नेहमीसारखीच.

यादी फलकावर लागली. बोरसेंनी पहिल्याच सुट्टीत ती मोठ्यानं वाचली. स्वतःचं नाव आल्यावर त्यांनी छाती बडवली आणि प्राचार्यांच्या नावापाशी थांबून म्हणाले, “बघा, लोकशाही!” मुलं फलकाभोवती उभी राहून फिदीफिदी हसत होती. त्यातली बरीच एम. ए. ची होती आणि प्रत्येकाच्या पिशवीत ‘कथेची पारख’ होतं. पुढे प्राचार्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी त्याच यादीवरून चिमटा काढला आणि उपासनी हसले. मी समोरच्या रांगेत होतो. ते कसे हसले, ते मी नीट पाहिलं. मी तसाच हसलो होतो.

यादीवर हरकत कुणी नोंदवली नाही. उपासनींनीही नाही. पुस्तकं पोत्यांत भरून व्हरांड्यात पडली होती. टेम्पो यायला चार-पाच दिवस लागले. सोनारबाई एकदा हळूच म्हणाल्या, “भाऊ, तुमचं वरच्याच पोत्यात आहे. काढून ठेवू का? कुणाला कळायचंय?”

“नको. यादीतलं आहे.”

“निदान बघून तर घ्या एकदा.”

मी बघितलं नाही. उघडलं असतं तर ते पुढचं वाक्य मिळालं असतं, आणि ते चांगलं निघालं असतं तर त्यांचं म्हणणं खरं मानावं लागलं असतं. त्यांचं काहीही खरं मानायची माझी तयारी नव्हती. टेम्पो गेला. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली, हे मी लपवणार नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, सोनारबाई मुलाकडे नाशिकला गेल्या. त्या पुढच्या वाक्याचं मात्र काय झालं कुणास ठाऊक, ते माझ्या डोक्यात यायला लागलं. म्हणजे वाक्य येत नाही, त्याची रिकामी जागा येते. तांब्यातलं पाणी तिच्याआधी थरथरलं. आणि मग? ती बसली का? तिनं पाणी ओतलं का, की तांब्या खाली ठेवला? मी शेकडो वाक्यं लिहून पाहिली. सगळी वाईट. कुणीही हसेल अशी.

मागच्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो, तर बाकावर उपासनी बसले होते. काठी, कानाला यंत्र, पण अंगातला सदरा कडक इस्त्रीचा. शेजारी जागा होती. मी बसलो.

“जिवंत आहात,” ते म्हणाले.

“तेच सिद्ध करायला आलोय, सर.”

ते हसले. मग मी विचारलं. “सर, ते पुढचं वाक्य. तुम्हाला पाठ होतं म्हणाला होतात.”

“आहे,” ते म्हणाले. “अजून आहे.” त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ जरासे हलले. एक माणूस माझं वाक्य मनात म्हणत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून ते ऐकू शकत नव्हतो. मग त्यांनी डोळे उघडले. थांबायचं कुठे, हे त्यांना अजूनही कळत होतं.

“लेखी द्या, खांबेटे,” ते म्हणाले.

त्यांचा नंबर पुकारला गेला. काठी टेकत ते खिडकीकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मी कागद घेतला. ‘प्रति, डॉ. उपासनी यांस’ एवढं लिहिलं. पुढची ओळ अर्धवट सोडून उठलो. कागद अजून टेबलावर आहे. त्यांच्या निवृत्तीनंतर रोज सकाळी मी पेपरमधलं निधनवार्तांचं पान आधी उघडत आलो आहे. कशाच्या आशेनं, ते सांगायला नको. अजूनही तेच पान आधी उघडतो. फक्त आता ते उघडताना माझा हात थरथरतो.